गव्हाणीतला आनंद



नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचा मूळ अर्थ एवढाच, की जन्म. तारा टांगलेला आणि गोठा सजवलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. पण त्या सजावटीमागची कथा सावकाश वाचली म्हणजे मनात एक प्रश्न उभा राहतो. या कथेत घर नाही, पैसा नाही, राजाचे भय आहे, पळापळ आहे. मग तिला आनंदाची कथा का म्हणावयाचे? मी काही धर्मशास्त्री नव्हे. शाळा लवकर सुटली आणि वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयात. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेलेल्या माणसाला ही कथा कशी उमगली, तेवढेच मी सांगणार आहे.

चार शुभवर्तमानांपैकी जन्मकथा फक्त मत्तय आणि लूक या दोघांतच आहे. पूर्वेकडचे ज्ञानी लोक आणि हेरोद राजा मत्तयात येतात. गव्हाण आणि मेंढपाळ लूकात. ज्ञानी लोक तीन होते असे मत्तय कोठेही म्हणत नाही आणि लूकाच्या गव्हाणीजवळ बैल व गाढव नाहीत. ती भर मागाहून पडली. जन्माची तारीखही ग्रंथांत नाही. २५ डिसेंबरचा सण रोममध्ये इ. स. ३३६ च्या सुमारास पाळला जात होता, असा उल्लेख मिळतो. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो गावी गोठ्याचा देखावा उभा केला, आणि तेथून ती प्रथा सर्वत्र पसरली.

आता लूकाची कथा पाहा. रोमच्या सम्राटाने शिरगणतीचा हुकूम काढला. हुकूम दूरच्या राजधानीत निघतो आणि पायपीट गरिबाला घडते, हे आपणांस नवे नाही. योसेफ सुतार नासरेथहून बेथलेहेमला निघाला. बरोबर दिवस भरलेली मरिया. उतारशाळेत जागा मिळाली नाही. बाळ जन्मले आणि त्याला गुरांच्या गव्हाणीत ठेवावे लागले.

ही बातमी प्रथम कोणाला कळली? पुरोहितांना नाही, सावकारांना नाही. रानात रात्री कळप राखीत बसलेल्या मेंढपाळांना कळली. आमच्या आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीतल्या भाषेत सांगावयाचे, तर बातमी प्रथम रात्रपाळीला आली. देवदूत त्यांना म्हणाला की भिऊ नका, हा आनंद सर्व लोकांचा आहे. खूण कोणती? तर गव्हाणीत निजलेले मूल. मेंढपाळ गेले, त्यांनी पाहिले, आणि देवाचे गुण गात ते आपल्या कळपाकडे परतले. त्यांची मजुरी वाढली नव्हती, थंडी कमी झाली नव्हती. पण आपणही कोणाच्या तरी मोजदादीत आहोत, हे त्यांना त्या रात्री कळले. सम्राटाची शिरगणती कर वसूल करण्यासाठी होती. ही मोजणी निराळी होती.

येथे माझे सोबती एक आक्षेप घेतात, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, असल्या कथांनी गरीब माणूस गव्हाणीतच समाधान मानून बसतो. मग मी त्यांना लूकाचा पहिला अध्याय वाचावयास सांगतो. तेथे गर्भवती मरियेच्या तोंडी जे स्तोत्र आहे, त्यात सत्ताधीश आसनावरून खाली ओढले जातात, भुकेले तृप्त होतात आणि श्रीमंत रिकाम्या हातांनी परत जातात. ही काही निजवणारी अंगाई नव्हे. हेरोदाने हे पुरते ओळखले होते. तान्ह्या मुलाला राजा भितो, हे आपल्याला कंसाच्या कथेवरून ठाऊकच आहे. वसुदेव रात्री यमुना ओलांडतो, तसा योसेफ मायलेकरांना घेऊन रात्रीच मिसरची वाट धरतो. मागे बेथलेहेममध्ये बालकांची कत्तल होते. कथा हे दुःख लपवीत नाही. म्हणूनच तिच्यातला आनंद खोटा वाटत नाही.

ही कथा मराठीला परकी राहिलेली नाही. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. ज्या छंदात आपल्या आयाबायांनी जात्यावर सुखदुःख सांगितले, त्याच छंदात बेथलेहेमही आले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले आणि त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले. २०२० साली धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

आणि आपले शेजारचे उल्हासनगर? १९४७ च्या फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी बराकींत उतरली. कडेवर मूल आणि पाठीमागे सुटलेले घर, एवढेच कित्येकांजवळ होते. १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव नदीचे असेल, पण अर्थ तर आनंदच आहे. पत्त्यांत ‘कॅम्प’ आजही टिकून आहे. मिसरला गेलेल्या त्या कुटुंबाची कथा या वस्तीला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

मग श्रद्धा म्हणजे काय? फळ हाती आल्यावर विश्वास ठेवणे हा झाला हिशेब. मेंढपाळांनी नुसते मूल पाहिले. त्या मुलाचे पुढचे कार्य पाहावयास त्यांतले किती जगले असतील, कोण जाणे. तरी ते उठून गेले. संघटनेचे कामही असेच चालते. पावसात गेटाबाहेर सभा होते, समोर पाचसात कंत्राटी कामगार उभे असतात, करार दूर असतो. त्या पाचसातांत उद्याचे पाचशे पाहणारा माणूस टिकतो. बाकीचे घरी जातात. देव मानणारा याला देवावरची श्रद्धा म्हणेल, न मानणारा माणसावरची म्हणेल. दोघांनाही उतारशाळेच्या दाराशी एकच प्रश्न विचारला जातो: आज आपल्या दारात कोणी आडले तर आपल्याकडे जागा आहे काय? ज्या घरी ती निघेल, त्या घरी नाताळ झाला असे मी समजेन.