हिरव्या पोस्टरवरची नावं

मोने, देगा, रन्वार यांच्यावर मराठीत भरपूर लिहून झालं आहे. इंप्रेशनिस्ट गटाच्या १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनाची आणि त्याच्या टवाळीची गोष्टही बहुतेक वाचकांना पाठ असेल. माझा नाद जरा वेगळा आहे. मला त्या प्रदर्शनांचे कॅटलॉग वाचायला आवडतात. कुणी काय मांडलं, कुणाचं नाव एका वर्षी आहे आणि पुढच्या वर्षी गायब, हे बघत बसलं की प्रसिद्ध मंडळींच्या मागच्या रांगेतली माणसं दिसू लागतात. तिथेच फेलिक्स ब्राकमाँ भेटला.

१५ एप्रिल १८७४ ला पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत ते प्रदर्शन उघडलं. तिकीट एक फ्रँक, कॅटलॉगमध्ये १६५ नोंदी. ब्राकमाँने तिथे फ्रेमांमध्ये लावून तीसहून अधिक कामं मांडली होती आणि त्यांत मुख्य भरणा एचिंगचा होता. तेव्हा तो चाळिशीचा होता. व्यावसायिक लिथोग्राफीत उमेदवारी केलेला हा माणूस एचिंग शिकला ते दिदरोच्या विश्वकोशातली नोंद वाचून. खळ्याच्या दारावर खिळ्यांनी ठोकलेले मेलेले पक्षी आणि वटवाघूळ हे त्याचं गाजलेलं एचिंग १८५२ चं, म्हणजे विशीही न गाठलेल्या मुलाचं. जपानी चित्रकार होकुसाईच्या चित्रपुस्तकांतले मासे, कोंबडे, फुलं घेऊन त्याने १८६६ मध्ये चिनी मातीच्या ताटांसाठी नक्षी केली. पॅरिसच्या जपानवेडाची सुरुवात सांगताना तिचा दाखला द्यावाच लागतो. त्या स्टुडिओत जमलेल्या अनेकांपेक्षा तेव्हा त्याचं नाव मोठं होतं.

मग तो विसरला का गेला? एक कारण त्याच्या फ्रेमांतच होतं. तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंतसारख्यांच्या व्यक्तिचित्रांसोबत त्याने दुसऱ्यांच्या चित्रांवरून केलेली एचिंगही लावली होती, म्हणून इतिहासाने त्याला नकलाकारांच्या रांगेत ढकललं. मला हा निवाडा मान्य नाही. त्या फ्रेमांत इंग्रज चित्रकार टर्नरच्या 'पाऊस, वाफ आणि वेग'चं एचिंग होतं. टर्नरने पावसात विरघळणारी आगगाडी रंगाच्या लेपांनी उभी केली. तांब्याच्या प्लेटवर लेप नसतो. मेणाच्या थरावर सुईने रेषा ओढायच्या आणि प्लेट आम्लात सोडायची. जिथे धुकं हवं तिथल्या रेषा लवकर वॉर्निशने बुजवायच्या, जिथे इंजिनाचा काळोख हवा तिथे आम्लाला जास्त वेळ खाऊ द्यायचं. म्हणजे वाफ रंगवायची नाही, वेळ मोजून काढायची. मोनेची सँ-लाझार स्थानकाची चित्रं गटाच्या प्रदर्शनात आली १८७७ मध्ये. त्याच्या तीन वर्षं आधी याच गटाच्या भिंतीवर आगगाडी धावली होती, काळ्या शाईत. याला नक्कल म्हणणाऱ्याने एकदा प्लेट हातात धरून बघावी.

१८७९ मध्ये देगाच्या डोक्यात छापचित्रांचं नियतकालिक काढायचं आलं. नाव ठरलं 'दिवस आणि रात्र'. गटातले चित्रकार मेरी कसाट आणि पिसारो कामाला लागले. तंत्राची अडचण आली की विचारायला ब्राकमाँ होताच. अंक निघाला नाही. कसाटच्या आईने पत्रात खापर देगावर फोडलं, की या माणसाचं काहीच कधी वेळेवर तयार नसतं. पिसारोने मात्र त्या अंकासाठीच्या निसर्गचित्राच्या चार अवस्था एकाच फ्रेममध्ये लावून १८८० च्या प्रदर्शनात मांडल्या. चित्र कसं घडत गेलं, तेच भिंतीवर आलं.

त्याच प्रदर्शनाच्या तोंडावर देगाने ब्राकमाँला एक पत्र लिहिलं. गटाच्या सगळ्या इतिहासात मला ते सर्वांत बोलकं वाटतं. पोस्टर हिरव्या कागदावर, अक्षरं लालभडक. त्यावर कलाकारांची नावं टाकायची की नाही, यावरून देगाचं गटातल्याच चित्रकार काइबोतशी कडाक्याचं भांडण झालं. देगाला नावांची जाहिरातबाजी नको होती, पण काइबोतच्या हट्टापुढे त्याला नमावं लागलं. कसाट आणि गटातलीच चित्रकार बेर्त मोरिझो यांनी आपली नावं असावीत असा आग्रह धरला नाही, असं तो कळवतो. तेव्हा तुझ्या बायकोचंही नाव नसेल. तुला हवंच असेल तर प्रदर्शन सुरू असताना पोस्टरच्या पुढच्या हजार प्रती छापू, त्यांत घालता येईल.

तुझ्या बायकोचं, म्हणजे मारी ब्राकमाँचं. ती चित्रकार होती, १८७९, १८८० आणि १८८६ च्या प्रदर्शनांत तिची कामं होती. तिचं नाव छापायचं का, हे विचारलं गेलं तिच्या नवऱ्याला. मुलगा पिएर याने आई-वडिलांविषयी लिहिलेलं हस्तलिखित मागे आहे. त्यात बाप आईच्या यशावर जळायचा, तिची चित्रं घरी आलेल्यांना दाखवायचा नाही, असं तो सांगतो. १८९० च्या सुमारास मारीने चित्रं काढणं जवळपास सोडलं. ज्याला पुढे इतिहासाने मागच्या रांगेत ढकललं, त्याने घरात बायकोला तेच केलं. त्याच्या कामाचं मी कितीही कौतुक केलं, तरी हे मला माफ करता येत नाही.

छापचित्रकारांची स्वतःची संस्था उभी राहिली १८८९ मध्ये. स्थापनेत ब्राकमाँचा पुढाकार होता. प्रदर्शन चित्रविक्रेता ड्युराँ-रुएलच्या दालनात. आता तरी एचिंगला कोपरा नाही, अख्खी भिंत मिळाली. आणि १८९१ मध्ये संस्थेने काय ठरवलं? सभासद जन्माने फ्रेंचच हवा. कसाट अमेरिकन, पिसारो वेस्ट इंडीजमधल्या सेंट टॉमस बेटावर जन्मलेला. दोघंही बाहेर. त्यांनी त्याच ड्युराँ-रुएलकडे शेजारच्या खोल्या घेतल्या आणि आपापलं प्रदर्शन लावलं. पिसारोने मुलाला पत्रातून कळवलं, की शेजारच्या 'देशभक्तां'चा चांगलाच जळफळाट होणार. त्याच पत्रात कसाटच्या रंगांवर तो फिदा झालेला दिसतो.

कसाटने तिथे लावली दहा रंगीत छापचित्रं. आदल्या वर्षी पॅरिसमध्ये भरलेलं जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन पाहून तिने ती केली होती. आंघोळ घालून घेणारं मूल, पाकीट चिकटवणारी बाई, ट्राममधून जाणाऱ्या बायका. प्रत्येकाच्या पंचवीस प्रती. हाकलून दिलेल्या बाईची ही दहा चित्रं आज जगभरच्या संग्रहालयांत मानाने जपली जातात. शेजारच्या खोलीत तेव्हा काय लागलं होतं, हे तज्ज्ञांनाही यादी उघडून बघावं लागतं.

या दहा चित्रांच्या खाली कसाटने पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे. ही आवृत्ती छापली कलाकाराने आणि श्रीयुत लरुआंनी, अशा अर्थाची. लरुआ हा तिच्याबरोबर प्रेस चालवणारा कारागीर. देगाला पोस्टरवर कुणाचंच नाव नको होतं, काइबोतला नावं हवी होती, मारीचं नाव पुढच्या हजार प्रतींवर ढकललं गेलं, आणि संस्थेने नावाआधी जन्मगाव विचारलं. छापणाऱ्या कारागिराचं नाव स्वतःच्या नावाशेजारी लिहिणारी कसाट या सगळ्यांपेक्षा मोठी ठरते.