भाजीत कालवायची पुडी

बचतगटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला, की पौड असो नाहीतर ताम्हिणी, एक प्रश्न हमखास हळू आवाजात येतो. “त्यांच्या नकळत भाजीत कालवलं की दारू सुटते, असं औषध कुठं मिळतं हो?”

आमचं उत्तर सरळ आहे. ती पुडी घरात आणू नका. एक तर तिच्यात नेमकं काय आहे, ते कुणी सांगत नाही. दुसरं म्हणजे, डॉक्टर डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध देतात. ते पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. म्हणून तपासण्या करून, माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनंच ते देतात. ज्याला काही ठाऊकच नाही, तो संध्याकाळी नेहमीसारखा पिणार आणि जिवावर बेतणार.

रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडणंही तितकंच धोक्याचं. आधी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना दोन-तीन दिवसांत आकडी येते, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं, आणि देवऋषी गाठतात. अशा वेळी १०८ ला फोन करून दवाखानाच गाठायचा.

पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं ते सुरू केलं. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी तिथं ‘सहचरी’ नावाचा गट आहे. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं, कारण नवऱ्याच्या दारूपायी बाईचीही झोप जाते, भूक जाते, नको ते विचार मनात येतात. आणि तिला कुणी विचारत नाही.

आपण काय काय सांभाळून घेतो बघा. पिरंगुटच्या कंपनीत फोन करून “ह्यांना ताप आलाय” म्हणायचं. गटाचं कर्ज काढून गुत्त्यावरची उधारी फेडायची. संसारासाठीच करतो आपण हे, पण पिण्याचे चटके त्याला बसतच नाहीत. खोटा फोन आणि उधारी, एवढं तरी थांबवता येतं. बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीवर असताना. प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नका. अंगावर धावून आला तर पोरांना घेऊन शेजारी जा आणि ११२ लावा.

नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यातल्या गावांत २०१३ पासून ‘आत्मीयता’ नावाचं काम झालं. गावातल्याच बायाबापड्यांना दुसऱ्याचं दुःख नीट ऐकून घ्यायला आणि गरज पडली तर डॉक्टरांकडं पोचवायला शिकवलं. आपल्या गटातही एकदोघी त्यासाठी पुढं येऊ शकतात.

दोन नंबर गटाच्या वहीवर लिहून ठेवा. मन खचलं तर टेलीमानस, १४४१६, मराठीत बोलता येतं. व्यसनाबद्दल विचारायला १४४४६. दोन्हीकडं बायकोनं स्वतः फोन केला तरी चालतो, नवरा तयार असलाच पाहिजे असं नाही.