शाकाहार आणि त्वचेचे आरोग्य

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका माझ्या दवाखान्यात आल्या. वय चाळिशीच्या आसपास. दोन्ही हातांच्या बोटांच्या सांध्यांवरची कातडी काळीकुट्ट झाली होती. दोन वर्षे त्यांनी गोरे करणारी निरनिराळी मलमे लावून पाहिली होती. मलमांचे पैसे गेले, काळेपणा मात्र तसाच राहिला.

"डॉक्टरसाहेब, आमच्या घरात तीन पिढ्या माळ आहे. अंड्यालासुद्धा कोणी शिवलेले नाही. शाकाहाराने कांती उजळते म्हणतात, मग माझेच हात असे का?"

हा प्रश्न मला या ना त्या स्वरूपात नेहमी विचारला जातो, म्हणून आजच्या लेखात त्याचे सविस्तर उत्तर देत आहे. थोडक्यात सांगायचे तर शाकाहार त्वचेला खरोखरच उपकारक आहे, परंतु ताटात मांस नाही एवढ्याने तो उपकारक होत नाही. ताटात काय आहे, यावर सारे अवलंबून असते.

भाजी आणि फळे काय देतात?

त्वचेचा घट्टपणा कोलॅजन नावाच्या प्रथिनामुळे टिकतो. हे प्रथिन नीट तयार होण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागते. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रात राहणाऱ्या खलाशांना खारवलेले मांस व बिस्किटे मिळत, पण ताजी फळे मिळत नसत. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई, अंगावर डाग उठत, जुन्या भरलेल्या जखमाही पुन्हा उघडत. हाच स्कर्व्ही रोग. १७४७ साली ब्रिटिश आरमारातील डॉक्टर जेम्स लिंड यांनी अशा बारा रुग्णांवर निरनिराळे उपाय करून पाहिले. त्यांपैकी ज्या दोघांना संत्री व लिंबे दिली, ते झपाट्याने सुधारले. आपल्याकडे तर संत्र्यापेक्षा पेरूत आणि त्याहूनही आवळ्यात हे जीवनसत्त्व अधिक असते.

दुसरे 'अ' जीवनसत्त्व. ते कमी पडले की रात्री दिसेनासे होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्वचाही कोरडी व खरखरीत होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. शेवग्याचा पाला, माठ, मेथी, कोथिंबीर, गाजर, लाल भोपळा व पपई यांतील रंगद्रव्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व तयार करते. हे रंगद्रव्य स्निग्ध पदार्थाबरोबरच चांगले शोषले जाते. म्हणून पालेभाजीला चमचाभर तेलाची फोडणी असावी. वजन कमी करण्याच्या नादात बिनतेलाची भाजी खाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पोह्यांवर लिंबू, पण चहा नको

चेहरा निस्तेज दिसतो, केस गळतात, जिना चढताना धाप लागते, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रियांत रक्तक्षय फार आढळतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले. अशा चेहऱ्याला पावडर लावून तेज येत नाही.

वनस्पतींतील लोह मांसातील लोहापेक्षा कमी शोषले जाते. मात्र जोडीला 'क' जीवनसत्त्व असेल, तर हे शोषण वाढते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली पद्धत यासाठी उत्तमच आहे. पण त्याच पोह्यांबरोबर आपण कपभर चहा घेतो आणि चहातील टॅनिन लोह अडवून धरते. तेव्हा चहा खाण्याच्या एक तास आधी किंवा नंतर घ्यावा. मटकी, मूग यांना मोड आणले की त्यांत 'क' जीवनसत्त्व तयार होते आणि लोह अडवणारी द्रव्ये कमी होतात. मोडाच्या उसळीचा हा दुहेरी फायदा आहे.

भाकरीला जोड हवी

त्वचा, केस व नखे प्रथिनांचीच बनलेली असतात. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात. म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीला साधारण ५० ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून त्यांपैकी सहा-सात ग्रॅम मिळतात. पाणीदार आमटीतून त्याहून पुष्कळच कमी. धान्यात जे प्रथिन-घटक कमी असतात, ते डाळीत असतात आणि डाळीत कमी असणारे धान्यात असतात. म्हणून भाकरी-पिठले, वरण-भात या जोड्या पक्क्या ठेवाव्यात.

ही जोड तुटली तर काय होते, हे दख्खनने अनुभवले आहे. केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा रोग आढळे. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातापायांची व मानेची कातडी काळी पडून सोलली जाई, जुलाब होत, डोक्यावरही परिणाम होई. हैदराबादला डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचा अभ्यास करून १९६० च्या सुमारास ज्वारीतील ल्युसीन या घटकाशी त्याचा संबंध जोडला. याचा अर्थ ज्वारी वाईट, असा मुळीच नाही. तिच्या जोडीला डाळ, दूध आणि शेंगदाण्याची चटणी असली, की हे भय राहत नाही. शेंगदाण्यात पेलाग्रा टाळणारे नायसिन हे जीवनसत्त्व भरपूर असते.

बोटांचे सांधे का काळवंडले?

आता त्या शिक्षिकेकडे वळू. मी त्यांना जीभ दाखवायला सांगितली. ती लाल व गुळगुळीत होती. तिखट लागले की आग होते, म्हणाल्या. पायांना मुंग्या येतात का, असे विचारताच त्यांनी चकित होऊन होकार दिला. फळ्यापुढे उभे राहून त्या येत असतील, असे त्यांना वाटत होते. दूध किती घेता, या प्रश्नाला उत्तर मिळाले, "चहातले तेवढेच." रक्त तपासले तेव्हा 'ब-१२' जीवनसत्त्व फारच कमी निघाले.

हे जीवनसत्त्व सूक्ष्म जंतू तयार करतात आणि ते आपल्याला प्राणिज पदार्थांतून मिळते. भाजी, फळे, धान्य व कडधान्ये यांत ते भरवशाने मिळत नाही. मोड आणून किंवा पीठ आंबवूनही गरज भागत नाही. शाकाहारी माणसाचा आधार म्हणजे दूध, दही, ताक व पनीर. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, म्हणजे अगदी अल्प असते. पण तेवढ्यासाठीही साधारण अर्धा लिटर दूध किंवा त्याचे पदार्थ पोटात जावे लागतात. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने कमतरता उशिरा उघड होते. तोवर बोटांचे सांधे काळे पडतात, तोंड येते, हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसराळूपणा वाढतो. यातील मज्जातंतूंचे नुकसान फार जुने झाले, तर ते पूर्णपणे भरून येत नाही. मलमात घालवलेली दोन वर्षे महाग पडतात, ती या कारणाने.

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या शाकाहारी मातांनी तर अधिकच जपावे. आईच्या शरीरात 'ब-१२' नसेल, तर दुधातूनही ते बाळाला पुरेसे मिळत नाही. बाळ फिके व मंद होते, शिकलेल्या हालचाली विसरते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि आम्लपित्तावर वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारून ही तपासणी करावी. रक्तवाढीसाठी स्वतःच्या मनाने केवळ फॉलिक ॲसिड घेत राहू नये. त्याने रक्त सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते.

माळकरी मंडळींना एक शंका असते, की हे औषध मांसाहारी तर नाही? 'ब-१२' कारखान्यात जंतूंच्या साहाय्याने आंबवून तयार करतात. फक्त काही कॅप्सूलचे वेष्टन प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून गोळी मागावी.

काही गैरसमज

वडापाव, फरसाण, मिठाई व थंड पेये हेही शाकाहारीच आहेत, पण त्यांनी आरोग्य लाभत नाही. मैदा व साखर यांनी काहींच्या मुरमांत वाढ होते. मानेवर मखमलीसारखा जाड काळा पट्टा दिसला, तर तो घासत बसण्यापेक्षा रक्तातील साखर तपासावी. दूध व मासे एकत्र खाल्ल्याने कोड येते, या समजुतीला आधार नाही आणि आंबट सोडल्याने कोड जातही नाही. नुसता आहार बदलून कोड किंवा सोरायसिस बरा होईल, या आशेवर चालू औषधे बंद करू नयेत.

त्वचेपलीकडचे चित्रही असेच आहे. ब्रिटनमध्ये सुमारे ४८ हजार लोकांची १८ वर्षे पाहणी करून २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मांसाहारींच्या तुलनेत शाकाहारींत हृदयविकार २२ टक्के कमी, परंतु पक्षाघात २० टक्के अधिक आढळला. 'ब-१२' सारख्या जीवनसत्त्वांची कमतरता हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून संशोधकांनी सुचवले आहे.

तेव्हा वाचकहो, रोजच्या ताटात एक पालेभाजी, एक उसळ किंवा घट्ट वरण, एक ताजे फळ, लिंबाची फोड आणि दोन वेळा दूध-दही असू द्यावे. बोटांचे सांधे काळे पडले व मुंग्या येऊ लागल्या, तर मलम आणण्याआधी रक्त तपासून घ्यावे. काळेपणाची इतरही कारणे असतात. ती डॉक्टर पाहतील.

त्या शिक्षिकेला इंजेक्शने व नंतर गोळ्या दिल्या, रात्री पेलाभर दूध आणि दुपारी वाटीभर दही सुरू केले. जिभेची आग पहिल्या काही आठवड्यांतच थांबली. दिवाळीनंतर त्या आल्या, तेव्हा बोटांचा रंग बराच निवळला होता. पायांच्या मुंग्या कमी झाल्या आहेत, पण अजून पूर्ण गेलेल्या नाहीत. माळ अर्थातच गळ्यात आहे. आता घरातील सासूबाई व मुलगी यांचेही रक्त तपासून घेतले असून, दोघींनाही गोळ्या सुरू केल्या आहेत.