समितीत दिव्यांग मुलांचे पालक हवेत

मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात दिव्यांग मुलांच्या शिक्षणाबद्दल जिल्हा परिषदेच्या शाळेला सल्ला देण्याची हक्काची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणशीर जागा मिळते. २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलेही या घटकात आली. ‘पालकांना यातलं काय कळतं?’ असा आक्षेप येतो. निदान आणि शिकवण्याची पद्धत तज्ज्ञांनीच ठरवावी, हे खरेच. पण उतार बांधूनही चाकाची खुर्ची स्वच्छतागृहाच्या दारात अडते, मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, हे घरच्यांनाच आधी कळते. शाळेचा विकास आराखडाही हीच समिती करते. म्हणून समिती निवडीच्या पालकसभेला जरूर जा आणि या मुलांच्या आईवडिलांची नावे सुचवा.