सिंहलद्वीपातील उपसंपदा आणि जात

श्रीलंकेचे नाव निघताच अनुराधपुरचा बोधिवृक्ष डोळ्यांपुढे उभा राहतो. अशोकपुत्र महिंद थेरांनी देवानंपिय तिस्स राजाच्या काळी, इ.स.पू. तिसऱ्या शतकात, तेथे धम्म नेला. बोधिवृक्षाची शाखा संघमित्ता थेरींनी नेली. मुखोद्गत त्रिपिटक इ.स.पू. पहिल्या शतकात आलुविहारात लिहिले गेले. एवढा इतिहास आपल्या विहारांतून नेहमी सांगितला जातो. आम्हांस त्यापुढचा, क्वचितच सांगितला जाणारा भाग मांडावयाचा आहे.

एकटा भिक्खू दुसऱ्यास उपसंपदा देऊ शकत नाही. मध्यदेशाबाहेर विनयास किमान पाच भिक्खूंचा संघ लागतो. तो उरला नाही की परंपराच तुटते. चोळांच्या स्वारीनंतर असे घडले, तेव्हा अकराव्या शतकात विजयबाहू राजाने ब्रह्मदेशातून भिक्खू आणविले. १५०५ मध्ये पोर्तुगीज आले, त्यांच्यामागून डच. अठराव्या शतकाच्या मध्यास बेटावर एकही उपसंपन्न भिक्खू नव्हता. सरणंकर या विद्वान श्रामणेराच्या खटपटीने व कँडीचा राजा कीर्ती श्री राजसिंह याच्या आश्रयाने १७५३ मध्ये सयामहून उपालि थेर आले आणि सयाम निकाय स्थापन झाला.

परंतु थोड्याच काळात या निकायाची उपसंपदा गोविगाम या जमीनधारक, वरिष्ठ जातीपुरती राखली गेली. दालचिनी सोलणारे सलागाम, मासेमारी करणारे कराव यांना दार बंद झाले. तथागतांनी शाक्य राजपुत्रांच्या आधी ज्या न्हाव्यास प्रव्रज्या दिली, त्याचेही नाव उपालि होते!

सलागाम समाजातील ज्ञानविमल थेर मात्र स्वस्थ बसले नाहीत. १७९९ मध्ये समुद्र ओलांडून ते ब्रह्मदेशाची राजधानी अमरपूर येथे गेले, १८०० मध्ये उपसंपदा घेतली, आणि १८०३ मध्ये परतून बालपिटिय येथे नदीच्या पात्रात नावांवर उपसंपदा-विधी केला. हाच अमरपूर निकाय. खेदाची गोष्ट अशी की, पुढे त्याच्याही शाखा जातीजातींनुसार पडल्या. १८६४ मध्ये निघालेल्या रामञ्ञ निकायाने जातीचा निर्बंध ठेवला नाही.

बाबासाहेब १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने श्रीलंकेत गेले होते. त्याच वर्षी ‘महाबोधी’च्या अंकातील लेखात त्यांनी भिक्खुसंघाच्या तत्कालीन स्थितीवर कठोर टीका केली. आपल्यापैकी काहींना ती अप्रिय वाटते. वरील इतिहास पाहता आम्हांस ती यथार्थच वाटते. मल्वत्त आणि अस्गिरिय या सयाम निकायाच्या दोन प्रमुख पीठांतील जातीचा निर्बंध अद्याप उठलेला नाही.