बारा टोले, बारा द्राक्षे

जानेवारीच्या पहिल्या तारखेस वर्षारंभ मानण्याचा जो शिरस्ता आज जगभरच्या कचेऱ्यांत आणि दप्तरांत मुरून गेला आहे, त्याच्या मुळाशी स्पेनच्या भूमीवर झालेले एक युद्ध आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते. इसवी सनापूर्वी १५४ व्या वर्षी, आजच्या सारागोसाच्या मुलखात, सेगेदा नावाच्या नगराने आपला तट वाढवावयास घेतला. पूर्वीच्या तहाचा हा भंग होय असा आक्षेप रोमने घेतला, बांधकाम थांबविण्याचे फर्मान पाठविले, आणि नगरवासीयांनी ते जुमानले नाही तेव्हा युद्ध पुकारले. परंतु रोमचे नवे कॉन्सल अधिकारारूढ होत ते मार्चच्या मध्यास, आणि तेथून सैन्य जमवून स्पेनचा पल्ला गाठीपर्यंत मोहिमेचा बराचसा काळ हातचा निघून जाई. म्हणून सेनेटने पदग्रहणाचा दिवस मागे ओढून १ जानेवारीवर आणला. आणि रोमन लोक वर्षांची ओळख कॉन्सलांच्या नावांनी ठेवीत असल्यामुळे मुलकी वर्षाचा आरंभही त्या तारखेस जडला. ज्या कॉन्सल फुल्वियस नोबिलिओरसाठी ही सारी त्वरा करण्यात आली, त्याला इसवी सनापूर्वी १५३ च्या ऑगस्टात सेगेदावासीयांनी आणि त्यांच्या मित्रांनी दारुण पराभव चाखविला. तारीख मात्र राहिली.

मध्ययुगात खुद्द स्पेन या तारखेपासून बराच काळ ढळला होता. इसवी सनापूर्वी ३८ पासून मोजली जाणारी एक स्वतंत्र कालगणना तेथे रूढ होती. ती कास्तीलच्या राज्याने १३८३ साली सोडली, त्यानंतर वर्ष नाताळापासून धरले जाऊ लागले, आणि पुढे जानेवारी पुन्हा मानाने आपल्या जागी आला. शक आणि संवत हे दोन हिशेब एका घरात नांदताना पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

३१ डिसेंबरच्या रात्री, जिला तेथे ‘नोचेव्हिएखा’ म्हणतात, त्या देशात जे घडते ते मात्र खरोखरच नवलाचे आहे. रात्रीचे जेवण आटोपले की प्रत्येकाच्या पुढ्यात एका लहानशा वाटीत मोजून बारा द्राक्षे ठेवली जातात. माद्रिद नगरातील पुएर्ता देल सोल या चौकाच्या घड्याळाचे बाराचे ठोके पडू लागले की एका ठोक्याला एक, याप्रमाणे ती खावयाची. बारावा ठोका विरण्यापूर्वी बारावे द्राक्ष तोंडात गेलेच पाहिजे, तरच वर्षाचे बाराही महिने सुखाचे जातात अशी श्रद्धा. दोन ठोक्यांमधील अंतर तीन सेकंदांचे, म्हणजे अवघा विधी छत्तीस सेकंदांत उरकतो. तेवढ्या अवधीत जाड सालीचे, बियांचे द्राक्ष चावून गिळणे हे वाटते तितके सोपे नाही. म्हणून घरोघरी वडील माणसे संध्याकाळीच मुलांसाठी साली सोलून बिया काढून ठेवतात, आणि एकट्यादुकट्या माणसासाठी सोललेल्या बारा द्राक्षांचे डबेही बाजारात मिळतात. पहिल्या ठोक्यापूर्वी आणखी एक परीक्षा असते. घड्याळावरील गोळा खाली सरकतो, मग चार वेळा जोडघंटा वाजते; हे नुसते पाव तासांचे इशारे असतात, परंतु दरवर्षी कोणी ना कोणी उतावीळपणे त्यांवरच द्राक्षे संपवून बसतो. १९८९ साली तर सरकारी दूरचित्रवाणीच्या निवेदिकेनेच या इशाऱ्यांना ठोके समजून घोटाळा केला, आणि लक्षावधी कुटुंबांची द्राक्षे चुकली.

हा रिवाज कोठून आला? सर्वत्र सांगितली जाणारी हकिकत अशी की, १९०९ साली आलिकान्ते प्रांतात द्राक्षांचे पीक उदंड आले, आणि ते खपवावे कसे या विवंचनेत पडलेल्या बागाइतदारांनी ही शुभशकुनाची कल्पना लोकांच्या गळी उतरविली. हकिकत गोड आहे, पण १८९० च्या दशकातील माद्रिदची वर्तमानपत्रेच तिच्याविरुद्ध साक्ष देतात, कारण बाराच्या ठोक्यांवर द्राक्षे खाण्याचा उल्लेख त्यांत आधीच आलेला आहे. फ्रान्सच्या अनुकरणाने तेथील श्रीमंत मंडळी वर्षाखेरीच्या भोजनात शॅम्पेनबरोबर द्राक्षे घेत असत, आणि सामान्य जनांनी ती चाल उचलून भर चौकात आणली, हे मला अधिक संभवनीय वाटते. त्याला एक कारणही घडले होते. ५ जानेवारीच्या रात्री, बाळ येशूच्या दर्शनास आलेल्या पूर्वेकडील तीन राजांच्या स्वागताच्या निमित्ताने, माद्रिदचे लोक शिड्या घेऊन, ढोल पिटीत रस्तोरस्ती धुमाकूळ घालीत. १८८२ साली नगराध्यक्ष होसे आबास्काल यांनी या मिरवणुकांवर पाच पेसेतांचा कर बसविला. गरिबाचा एक हक्काचा उत्सव असा सरकारी फर्मानाने हिरावला गेला, तेव्हा घड्याळाखाली जमून बड्या लोकांसारखी द्राक्षे खाण्यात त्या रयतेला थट्टा आणि निषेध या दोहोंचे समाधान मिळाले असल्यास ते अगदी मानवी आहे. ज्या रीतीला कोणत्याही धर्मग्रंथाचा आधार नाही, जिचे वय दीडशे वर्षांचेही नाही, तिने एका संपूर्ण राष्ट्राला एकाच क्षणी एका ताटावर बसवावे, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्या घड्याळाचा इतिहासही सांगण्याजोगा आहे. ते घडविणारा होसे रोद्रिगेस लोसादा हा लेओन प्रांतातील एका खेड्यात जन्मलेला. उदारमतवादी विचारांपायी सातव्या फर्दिनंदाच्या अमदानीत त्याला देश सोडावा लागला, आणि लंडनमध्ये तो घड्याळजी म्हणून नामांकित झाला. परागंदा झालेल्या या माणसाने आपल्या देशाच्या राजधानीस हे घड्याळ देणगीदाखल दिले, आणि १८६६ च्या नोव्हेंबरात, ज्या राजाच्या राज्यातून तो पळाला त्याच्याच कन्येच्या, राणी इसाबेलच्या, हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्या इमारतीवर ते विराजमान आहे ती अठराव्या शतकातील टपालखात्याची वास्तू. जनरल फ्रँकोच्या राजवटीत तेथे पोलीस खात्याचे मुख्य ठाणे होते, आणि तळघरातील कोठड्यांत राजकीय बंद्यांचा छळ होत असे. वर चौकात द्राक्षे खात नव्या वर्षाचे अभीष्ट चिंतिणारी माणसे आणि पायाखालच्या कोठडीत तेच ठोके ऐकणारी माणसे, असे दोन जमाव त्या एका वास्तूने कितीतरी वर्षे बाळगले. याच काळात, १९६२ पासून, हे ठोके दूरचित्रवाणीवरून देशभर दिसू लागले, आणि माद्रिदची रीत साऱ्या स्पेनची झाली.

आता खुद्द द्राक्षांविषयी. ती येतात मुख्यत्वे आलिकान्तेतील विनालोपो नदीच्या खोऱ्यातून. डिसेंबरात वेलीवर ताजे द्राक्ष असावे कसे, याचे उत्तर एका कागदी पिशवीत आहे. १९२० च्या सुमारास घडांना लागणाऱ्या पतंगाच्या अळीपासून बचाव व्हावा म्हणून तेथील शेतकऱ्यांनी प्रत्येक घडावर, खालून उघडी अशी, कागदाची पिशवी बांधावयास आरंभ केला. तेव्हा असे आढळले की अळी टळतेच, शिवाय ऊन, पाऊस आणि पाखरे यांपासून झाकलेला घड सावकाश पिकतो, त्याचा रंग एकसारखा उतरतो आणि मणी अधिक दिवस टिकतात. उन्हाळ्यात, जून-जुलैत, मजूर बागांतून फिरून एकेक पिशवी हाताने बांधतात. ‘आलेदो’ नावाची उशिरा पिकणारी जात तर वर्षाखेरीपर्यंत वेलीवरच राखली जाते. छत्तीस सेकंदांच्या विधीसाठी घडागणिक एवढे हात लागतात, ही गोष्ट त्या वाटीकडे पाहणाऱ्याने विसरू नये.

बाकीचे रिवाज थोडक्यात सांगता येतील. त्या रात्री अंगात नवे तांबडे अंतर्वस्त्र असावे, पेल्यातील मद्यात सोन्याची अंगठी टाकून ते प्यावे, आणि रात्रभर नाचून पहाटे तळलेले चुरो दाट चॉकलेटमध्ये बुडवून खावेत. कानारी बेटांचे घड्याळ एक तास मागे, म्हणून तेथे द्राक्षांची वेळ येते तेव्हा माद्रिदमध्ये नवे वर्ष तासाभराचे झालेले असते. उत्सवाची सांगता ६ जानेवारीस, तीन राजांच्या दिवशी. मुलांना भेटवस्तू मिळतात आणि कंकणाकृती गोड पाव कापला जातो. त्यात दडविलेली मूर्ती ज्याला सापडेल तो राजा, आणि ज्याच्या वाट्याला वालाचा दाणा येईल त्याने पावाचे पैसे द्यावयाचे.

ग्रनादा प्रांतातील डोंगरात बेर्चुलेस नावाचे एक खेडे आहे. १९९४ सालच्या ३१ डिसेंबरला तेथे ऐन वेळी वीज गेली आणि गावाची ती रात्र बुडाली. गावकऱ्यांनी नुकसान मुकाट्याने सोसले नाही. पुढच्या ऑगस्टात त्यांनी बुडालेले नवे वर्ष भरून काढले, आणि तेव्हापासून दर ऑगस्टात तेथे हा सण होतो. बाहेरगावचे लोक हजारोंनी लोटतात, चौकात बारा ठोके पडतात, आणि त्या महिन्यात द्राक्षांचा हंगामच असल्यामुळे बेर्चुलेसच्या लोकांना कागदी पिशवीची गरज भासत नाही.