मिश्र वस्तीत घर हवंय? आधी घरांचं वाटप कसं झालं ते बघा

बदली होऊन मुंबईत येणारी कुटुंबं स्टेशन, शाळा आणि भाडं बघून उपनगर ठरवतात. मुलांना सर्व थरांतला शेजार मिळावा असं वाटत असेल, तर त्या वस्तीतली घरं मुळात कशी वाटली गेली हेही बघावं. घाटकोपरचं पंतनगर किंवा अंधेरीचं डी. एन. नगर या म्हाडाच्या वसाहती. म्हाडाच्या सोडतीत उत्पन्न गट आणि नशीब ठरवतं, शेजारी पसंत करायला कुणी बसलेलं नसतं. चारकोप-गोराईत तर १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने आखणी करताना वेगवेगळ्या उत्पन्न गटांचे भूखंड एकाच आराखड्यात बसवले. खाजगी सोसायटीचं तसं नाही. सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणारे पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात वैध ठरवले. आणि मुलुंडमध्ये २०२३ साली एका मराठी महिलेला ऑफिससाठी जागा नाकारल्याचं प्रकरण किती गाजलं, ते आठवत असेलच.

म्हाडाच्या इमारती जुन्या, लिफ्ट नाही, पार्किंगची बोंब, हा आक्षेप खरा आहे. पुनर्विकासानंतर विक्रीचे फ्लॅट बाजारभावाने जातात आणि वस्ती बदलते, हेही खरं. पण मूळ रहिवाशांना त्याच वसाहतीत घर मिळालं, तर मिश्रण पातळ होतं, पुसलं जात नाही. (टोकन देण्याआधी ‘नॉनव्हेज चालेल ना?’ हे मात्र सगळीकडेच विचारा.) तुमच्यासाठी कोणती वस्ती बरी हे ठरत नसेल, तर ऑफिस कुठे, मुलं कितवीत आणि बजेट किती, एवढं लिहून आम्हाला बिनधास्त विचारा.